गुडघा बदलला, पण पाय लांब झाल्यासारखा का वाटतो? भोर-वेल्ह्यातल्या आपल्या माणसांनी समजून घ्यावी अशी सरळ पायाची गोष्ट

भोर / वेल्हे, प्रतिनिधी :

भातकापणी उरकली, मळणी झाली, की आपल्या भागातली बरीच वयस्कर मंडळी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याची वाट धरतात. पावसाळ्यात घरात माणूस मोकळं नसतं आणि अंगणात शेवाळ असतं, त्यामुळे दिवाळीनंतरच जाऊ असं ठरतं. माझी आत्यासुद्धा अशीच गेली. नीरा देवघर धरणाच्या अंगाला तिचं गाव आहे. चाळीस वर्षं वाकून भातलावणी केली, डोक्यावर गवताचे भारे वाहिले. दोन्ही पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेले होते. दोन्ही पावलं जोडून उभी राहिली तर गुडघ्यांच्या मधून तांब्या आरपार जाईल एवढी फट पडायची.

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, आत्या घरी आली. तीन आठवड्यांनी भेटायला गेलो तर खाटेवर बसून रडत होती. म्हणाली, "आरं बाळा, डाक्तरानं माझा पाय लांब केलाय. एक पाय मोठा, एक बारका. आता जन्मभर लंगडायचं का?" शेजारच्या बायका येऊन सांगून गेल्या होत्या की ऑपरेशन बिघडलं. त्या भीतीनं आत्यानं चालणं बंद केलं होतं. दुखू नये म्हणून गुडघ्याखाली जाड उशी ठेवून दिवसभर पडून राहायची.

पाय लांब झाला नव्हता, सरळ झाला होता. पण हे तिला कोणी नीट समजावलंच नव्हतं. दवाखान्याला त्यासाठी वेळ नव्हता आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडून जे समजलं, वाचून जे कळलं, ते सगळ्यांच्या कामी यावं म्हणून इथे देतोय.

ओळंबा आणि पाय

गवंडी भिंत बांधताना ओळंबा लावतो. भिंत ओळंब्यात नसेल तर भार एका बाजूला जातो आणि तिथंच तडा पडतो. पायाचंही तसंच आहे. खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढली, तर सरळ पायात ती गुडघ्याच्या साधारण मधोमध जाते. डॉक्टर लोक यालाच पायाची अलाइनमेंट म्हणतात. गाडीच्या चाकांची करतो तीच अलाइनमेंट. ती बिघडली की टायर एकाच बाजूनं घासतो, तसा गुडघाही एका बाजूनं झिजतो.

आपण चालताना एका पायावर येतो, तेव्हा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. सरळ पायातही या भारातला जास्त वाटा गुडघ्याच्या आतल्या बाजूला जातो. पाय बाहेर वाकलेला असेल तर आतली बाजू आणखी दाबली जाते. आतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजते. गादी झिजली की पाय अजून वाकतो, आणि वाकला की अजून झिजतो. अमेरिकेत २००१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की गुडघ्याची झीज सुरू झालेल्या माणसाचा पाय असा बाहेर वाकलेला असेल, तर आतल्या बाजूची झीज पुढे वाढत जाण्याची शक्यता जवळपास चौपट होते.

काही जणांचं याच्या उलट असतं. गुडघे एकमेकांना घासतात आणि पावलं लांब राहतात. त्यांच्यात बाहेरची बाजू झिजते. आपल्याकडे मात्र बाहेर वाकलेले पायच जास्त दिसतात. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी आणि डॉ. गौतम शेट्टी यांनी २०१४ साली वाकलेले गुडघे बदलताना ते सरळ कसे करायचे या एकाच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं, यावरून हा प्रश्न किती मोठा आहे ते समजावं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

बऱ्याच जणांना वाटतं की गुडघा अख्खा काढून नवीन बसवतात. तसं नसतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, यांचा झिजलेला थर काही मिलिमीटर कापून काढतात. त्यावर धातूची टोपणं बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये खास प्लास्टिकची चकती येते. हाड कोणत्या कोनात कापलं, त्यावर पाय किती सरळ होणार हे ठरतं.

पण नुसतं हाड कापून भागत नाही. पाय वर्षानुवर्षं बाहेर वाकलेला असला, की आतल्या बाजूच्या शिरा म्हणजे लिगामेंट आखडतात आणि बाहेरच्या सैल पडतात. डॉक्टरला आतल्या बाजू हलक्या हातानं मोकळ्या कराव्या लागतात. खाट विणताना एका बाजूची नवार ताणलेली आणि दुसरी ढिली असली तर खाट वाकडी होते, तसा हा प्रकार. दोन्ही बाजू सारख्या ताणात आल्या, तरच गुडघा उभं राहताना लचकत नाही.

ही पद्धत घडवणाऱ्यांमध्ये आपल्या देशातल्या माणसाचंही नाव आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉ. जॉन इन्सॉल यांच्यासोबत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया घातला. राणावत मूळचे मध्य प्रदेशातले. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये याच राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये बदलला होता. दुसऱ्या ऑपरेशननंतर पुढच्याच महिन्यात वाजपेयी आग्र्याला मुशर्रफ यांच्याशी बोलणी करायला उभे होते. त्या बातम्यांनीच हे ऑपरेशन गावोगावी माहीत झालं. आपल्या पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसाच्या गुडघ्याच्या मापाचा 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. त्यांना २०१२ साली पद्मविभूषण मिळालं.

किती सरळ म्हणजे सरळ?

जुना नियम असा, की ऑपरेशननंतर पाय ओळंब्यापासून ३ अंशांच्या आत असावा. ३ अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश फिरतो. म्हणजे अर्ध्या मिनिटात काटा जेवढा सरकेल, तेवढाच. गुडघ्यात ३ अंशांचा फरक पडला, तर घोट्यापाशी जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतं. एवढ्या बारकाईचं हे काम आहे.

गंमत अशी, की हा नियमही दगडावरची रेघ नाही. बेल्जियममध्ये २०१२ साली धडधाकट तरुण माणसांचे पाय मोजले. १०० पुरुषांतल्या ३२ जणांचे आणि १०० बायकांतल्या १७ जणींचे पाय जन्मजात ठेवणीनंच ३ अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले निघाले. गुडघा दुखत नव्हता, पण पाय तसाच होता. त्याआधी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०१० मध्ये दाखवलं होतं, की ३ अंशांच्या आत बसलेले आणि थोडे बाहेर गेलेले कृत्रिम गुडघे १५ वर्षांनंतर जवळपास सारखेच टिकले होते. त्यामुळे आता काही डॉक्टर पाय अगदी ओळंब्यात न आणता, माणसाच्या मूळ ठेवणीला धरून थोडा बाक राहू देतात. यावर डॉक्टरांमध्येच अजून वाद आहे.

याचा अर्थ असा, की ऑपरेशननंतर शेजाऱ्याचा पाय एकदम सरळ आणि तुमच्या पायात किंचित बाक दिसत असेल, तर लगेच चूक झाली असं समजू नका. मात्र बाक फार राहिला, तर प्लास्टिकची चकती एका बाजूनं लवकर झिजू शकते आणि बसवलेला भाग सैल होऊ शकतो, हेही खरं आहे. तुमच्या बाबतीत काय ठरवलं होतं ते डॉक्टरलाच विचारा.

मग पाय लांब का वाटतो?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, वाकलेली काठी सरळ केली की तिची उंची वाढते. तसाच सरळ झालेला पाय थोडा उंच होतो. आणि दुसरा पाय अजून वाकलेलाच असेल तर फरक जास्त जाणवतो. आत्याचं नेमकं हेच झालं होतं. उजवा सरळ झाला आणि डावा तसाच होता.

दुसरं, डोक्याला जुनी सवय असते. वीस वर्षं वाकड्या पायानं चाललेल्या माणसाला वाकडं तेच सरळ वाटतं. आता कंबर, मांडी आणि पोटरीच्या स्नायूंना नव्यानं शिकावं लागतं. बैलाचा खांदा बदलला की तो आठवडाभर जू ओढताना बिचकतो, तसंच आहे हे.

तिसरं, पाऊल. पाय बाहेर वाकलेला असताना वजन पावलाच्या एका कडेवर पडायचं. आता पूर्ण तळवा टेकतो. म्हणून घोटा आणि तळपाय सुरुवातीला दुखू शकतात. इथे एक साधी गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे जुनी चप्पल. ती एका कडेनं झिजलेली असते. सरळ केलेला पाय त्या तिरक्या चपलेत घातला तर पाऊल परत कलतं. ऑपरेशननंतर मागून पट्टा असलेली, न घसरणारी नवी चप्पल किंवा बूट घ्या.

बहुतेकांची ही लांबीची भावना काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत कमी होते. फरक खराच जास्त असेल तर डॉक्टर दुसऱ्या पायाच्या टाचेखाली पातळ गादी द्यायला सांगतात. ती आपल्या मनानं घालू नका. दुसऱ्या गुडघ्याचंही पुढे ऑपरेशन झालं की दोन्ही पाय पुन्हा बरोबरीला येतात.

उशी ठेवली आणि घात झाला

आत्याची खरी चूक वेगळीच होती. गुडघ्याखाली उशी. त्यानं आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. बाहेरचा बाक डॉक्टरनं काढलेला असतो, पण हा पुढचा बाक आपण घरी तयार करतो. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर मांडीचे स्नायू सतत ताणात राहतात, माणूस लवकर थकतो, लंगडतो आणि कंबर धरते.

म्हणून लक्षात ठेवा, उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली, गुडघ्याखाली नाही. टाच उंच ठेवली की गुडघा स्वतःच्या वजनानं सरळ होतो. पहिल्या दीड-दोन महिन्यांत जेवढं सरळ आणि जेवढं वाकणं मिळवाल, तेवढं पुढे कामी येतं. नंतर मिळवायला फार जड जातं.

साधारण प्रवास असा असतो (तुमचे डॉक्टर सांगतील तेच अंतिम) :

- पहिला-दुसरा दिवस : वॉकर धरून उभं राहणं, चार पावलं चालणं. घोटा वर-खाली हलवत राहणं, त्यानं पोटरीत रक्त साकळत नाही.
- पहिले दोन आठवडे : मांडी आवळून गुडघा खाली दाबणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं. ९० अंशांपर्यंत, म्हणजे खुर्चीत बसता येईल इतकं वाकायला हवं. दिवसातून तीन-चार वेळा बर्फाचा शेक.
- दोन ते सहा आठवडे : वॉकरवरून काठीवर. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या उलट हातात धरायची. आपल्याकडे हमखास उलटं करतात.
- पायऱ्या : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.
- तीन महिने : बहुतेक घरकाम, देवदर्शन, एसटीचा प्रवास. सूज आणि कोमटपणा त्यानंतरही काही महिने राहू शकतो. पूर्ण ताकद यायला वर्ष लागतं.

भातलावणी, उकिडवं बसणं, डोक्यावर ओझं ही कामं आता नाहीत. शौचाला कमोड किंवा कमोडची खुर्ची लागेल. ती व्यवस्था ऑपरेशनच्या आधी करून ठेवा. गावाकडं बांधावरून, ओल्या अंगणातून वॉकर चालत नाही, म्हणून घरातलीच एक सरळ वाट मोकळी करा. ऑपरेशनचे पहिले तीन महिने कोरड्या दिवसांत येतील असं बघा.

गुडघ्याला तेल चोळून रगडायला कोणाकडं जाऊ नका. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, वाढता लालसरपणा, पोटरी घट्ट होऊन दुखणं, पाऊल वर उचलता न येणं, यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा. आणि काही महिने चांगले गेल्यावर पाय नव्यानं वाकडा दिसू लागला, लचकू लागला, वाटी सरकल्यासारखी वाटली, तर एक्स-रे काढून घ्यायला हवा.

ऑपरेशनच्या आधी हे विचारा

- खुब्यापासून घोट्यापर्यंत उभ्यानं काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे, म्हणजे स्कॅनोग्राम, काढणार का? झोपवून काढलेल्या गुडघ्याच्या छोट्या एक्स-रेमध्ये पायाचा बाक नीट कळत नाही.
- माझ्या पायात बाक किती अंश आहे आणि किती काढणार?
- दोन्ही गुडघे एकदम की पाठोपाठ? मधल्या काळात पाय कमी-जास्त वाटला तर काय करायचं?
- घरी व्यायाम कोण शिकवणार? ते घरातल्या एका माणसालाही शिकवा.
- शुगर किती असेल तेव्हा ऑपरेशन करणार? शुगर जास्त असली की जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

वय कमी असेल आणि फक्त आतलीच बाजू झिजली असेल, तर कधी कधी गुडघा न बदलता नडगीचं हाड कापून पाय सरळ करतात. स्वतःचा सांधा वाचतो. पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसानं हा पर्याय आहे का ते जरूर विचारावं.

खर्च आणि रोबोट

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला टोपण घातलं. नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये आणि टायटॅनियमच्या गुडघ्याला ७६,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. ही फक्त गुडघ्याची किंमत आहे. डॉक्टर, खोली, औषधं यांचा खर्च वेगळा. बिलात कृत्रिम गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा आणि त्याचं स्टिकर जपून ठेवा. ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आपलं ऑपरेशन कोणत्या योजनेत आणि कोणत्या हॉस्पिटलमध्ये बसतं, हे योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मग दाखल व्हा.

रोबोटबद्दल आता खूप विचारतात. रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, डॉक्टरच करतो. हाड अचूक कोनात कापायला यंत्राची मदत होते, हे खरं. पण त्यामुळे माणूस पुढे जास्त चांगला चालतो, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. केवळ रोबोटसाठी जमीन गहाण टाकायची गरज नाही. अनुभवी डॉक्टर, नीट मोजमाप आणि घरचा व्यायाम या तिन्ही गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

आणि फार उशीरही करू नका. बाक जितका वाढेल, तितकं डॉक्टरचं काम अवघड आणि सावरायला वेळ जास्त. एकदा नीट बसलेला गुडघा चांगला टिकतो. २०१९ मध्ये जगभरातल्या नोंदी तपासून काढलेला अंदाज सांगतो, की १०० पैकी सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षं चालतात. तरीही पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

आत्याची उशी आम्ही त्याच दिवशी काढली. नसरापूरहून फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायला लागला. पहिले आठ दिवस आत्यानं त्याला शिव्या घातल्या. आखडलेला गुडघा सरळ व्हायला अडीच महिने गेले. सुरुवातीपासून नीट केलं असतं तर यातला निम्मा त्रास वाचला असता, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाला. गेल्या श्रावणात ती बनेश्वरला जाऊन आली, काठी धरून, पण स्वतःच्या पायानं. आता डाव्या गुडघ्याचं कधी करायचं, ते तीच विचारतेय. भातकापणी झाली की जाऊ म्हणते.